दुष्काळ तिकडेही पडतो, मग बैल आपलेच का विकले जातात?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं नुसता वाचतोय इथे, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

परवा ऑफिसात डबा खाताना वाद झाला. आमच्यातला एकजण दोन वर्षं कॅलिफोर्नियात राहून आलाय, तो म्हणे तिकडे फ्रेस्नो भागात तुमच्या मराठवाड्याच्या निम्म्याहून कमी पाऊस पडतो, २०१२ ते २०१६ सलग दुष्काळ होता, तरी कुणी घागरी घेऊन टँकरमागे पळालं नाही, तुम्हाला प्लॅनिंग जमत नाही आणि मग पॅकेज मागत बसता. बाकीचे हसले. मी पण हसलो खरं तर, काय बोलणार, पण घास उतरेना.

मी लातूर तालुक्यातला. २०१६ ला लातुरात रूम करून शिकत होतो. मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावलेली, एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी यायला लागलं, पहिल्या गाडीला १० डबे म्हणजे पाचेक लाख लिटर, नंतर ५० डब्यांच्या गाड्या. ती 'जलदूत' गाडी टीव्हीवर सगळ्यांनी बघितली असेल. आमच्या घरमालकीण काकूंनी तेव्हा बाथरूमला कुलूप घातलेलं, आंघोळ परातीत बसून करायची आणि परातीतलं पाणी संडासला वापरायचं, साबण लावायचा नाही कारण मग तेच पाणी फरशी पुसायला चालत नाही.

पण शहराचं एक वेळ ठीक आहे, मला बोचतंय ते गावाकडचं. वडलांनी त्याच उन्हाळ्यात देवणी बैलांची जोडी हाळीच्या बाजारात नेली. ९० हजाराला घेतलेली जोडी. पहिल्या बाजारातून परत आणली, दुसऱ्यातून परत आणली, सगळेच विकायला आलेले आणि घेणारा कोण? तिसऱ्या बाजाराला ४१ हजाराला दिली. मग पाऊस झाला, चांगला झाला त्या वर्षी, आणि पेरणीला दावणीला बैल नाहीत. तसलीच जोडी तेव्हा लाखाच्या खाली कुणी देईना. तेव्हापासून ट्रॅक्टर भाड्याने सांगतो, गोठ्यात आता चुलतभावाची मोटारसायकल असते.

तर प्रश्न असा की पाऊस तिकडेही नाही आणि इकडेही नाही, मग फरक नेमका कुठे पडतो? 'त्यांच्याकडे पैसा आहे' हे उत्तर मलाही माहितीये. तो पैसा कुठल्या टप्प्यावर, कुणाच्या हातात, कसा येतो ते कुणी बघितलं असेल तर सांगा.

---

बदामवाडी

फ्रेस्नोत १४ वर्षं झाली, फळांच्या पॅकिंगच्या धंद्यात आहे, त्यामुळे हे बऱ्यापैकी जवळून बघितलंय.

तुमच्या मित्राचं पावसाचं बरोबर आहे. इथे वर्षाला पावणेतीनशे-तीनशे मिलिमीटर, तुमच्याकडे सात-आठशे. पण इथली शेती पावसावर नाहीच मुळी. हिवाळ्यात सिएरा नेवाडाच्या डोंगरावर बर्फ साठतो आणि उन्हाळा लागला की हळूहळू वितळून धरणात आणि कालव्यात येतो, म्हणजे निसर्गानं डोंगरावर फुकटात बांधून दिलेलं धरणच म्हणा. दुष्काळात तेच रिकामं राहिलं. १ एप्रिल २०१५ ला गव्हर्नर जेरी ब्राउन बर्फ मोजायच्या जागी जाऊन उभे राहिले तर पायाखाली वाळकं गवत, राज्यातला बर्फ नेहमीच्या ५ टक्के. त्याच दिवशी त्यांनी शहरांना २५ टक्के कपात सक्तीची केली.

शेतकऱ्यांचं तर त्याच्या आधीपासूनच सुरू होतं. २०१४ आणि २०१५ दोन्ही वर्षं केंद्राच्या कालव्यातून इकडच्या बऱ्याच भागाला पाणी किती, तर शून्य टक्के. मग काय केलं त्यांनी? बोअर मारले! सेम आपल्यासारखं. बोअरवाल्यांकडे वर्ष-वर्ष वेटिंग होतं, हजार फूट आणि त्याच्याही खाली, एकेका बोअरला काही लाख डॉलर. इतकं उपसलं की काही पट्ट्यात जमीन वर्षाला फूटभर खचत होती, कालव्यांचा उतार बिघडला. आणि गंमत बघा, भूजल किती उपसायचं यावर राज्याचा कायदाच नव्हता, तो २०१४ ला झाला आणि त्यात समतोल साधायची मुदत दिलीये २०४०-४२ ची. त्यामुळे प्लॅनिंगचं फार कौतुक तुमच्या मित्रानं करू नये.

आता तुमचा खरा प्रश्न. मी ज्या बागाईतदारांशी व्यवहार करतो त्यातल्या एकाने २०१५ ला टोमॅटो आणि कापसाची रानं मोकळी ठेवली आणि असलेलं सगळं पाणी बदामाला दिलं, कारण झाड मेलं तर वीस-पंचवीस वर्षांचं नुकसान. म्हणजे त्यानं एका वर्षाचं पीक सोडलं, विकलं काहीच नाही. पीक विम्याच्या हप्त्यात सरकार निम्म्याहून जास्त भरतं, बँक त्याला जमिनीवर पुढच्या वर्षीचं कर्ज देते, बदामाचे भाव टंचाईमुळे वाढलेले. त्या वर्षी पाण्याअभावी साधारण ५ लाख ४० हजार एकर रान पडीक राहिलं असा डेव्हिसच्या विद्यापीठाचा अंदाज होता, आणि २१ हजार रोजगार गेले.

ते २१ हजार कुणाचे ते बघा. मेक्सिकोहून आलेले मजूर, अर्ध्याजणांकडे कागदपत्रं नाहीत म्हणजे बेकारभत्ता नाही. इथून तासाभरावर ईस्ट पोर्टरव्हिल म्हणून वस्ती आहे, सात-एक हजार माणसं, बहुतेक शेतमजूर. घरोघरी उथळ खाजगी विहिरी, आजूबाजूला मोठ्या शेतांचे खोल बोअर. २०१४ ला विहिरी आटायला लागल्या. मी तिथे आमच्या कंपनीच्या लोकांबरोबर बाटल्या वाटायला गेलो होतो. घरासमोर मोठाली टाकी, तिच्यात टँकर येऊन पाणी टाकणार, ते फक्त वापरायला, प्यायला बाटल्या. चर्चच्या आवारात आंघोळीसाठी तात्पुरत्या खोल्या, संध्याकाळी टॉवेल खांद्यावर टाकून बायका-पोरं रांगेत. मला क्षणभर सोलापूरला आजोळी आल्यासारखं वाटलं. शेजारच्याच पोर्टरव्हिल गावात नळ सुरू होते, पाइपलाइन जोडून मिळायला २०१६ उजाडलं आणि सगळी घरं जोडून व्हायला २०१८. तर मित्राला सांगा, टँकर होता, त्याला दिसला नाही.

---

पुणेरी_खवट

ऊस लावा अजून. मग रेल्वे आहेच.

---

कोरडवाहू

@पुणेरी_खवट, आलात का. राज्यात ऊस लागवडीखालच्या जमिनीच्या चारेक टक्के आणि सिंचनाचं पाणी पितो दोन तृतीयांशाच्या आसपास, हे आम्हालाही पाठ आहे. पण ऊस लावणारा आणि बैल विकणारा माणूस एकच आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला? धागाकर्त्याच्या वडलांकडे ऊस असता तर बैल विकायची वेळ आली नसती, कारखान्याच्या बिलावर बँकेनं दारात येऊन कर्ज दिलं असतं. आमच्या बीडमध्ये बहुतेक लोकांचा उसाशी संबंध येतो तो कोयता घेऊन. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घ्यायची, नवराबायको मिळून एक कोयता, आणि सांगली-कोल्हापूर नायतर कर्नाटकात सहा महिने पाचटात. पाऊस कमी झाला की उचल घेणारे वाढतात आणि उचलीचा आकडा उतरतो.

आता @बदामवाडी यांनी बोअरचं लिहिलं त्यावर. त्यांच्याकडे खाली गाळाची माती आणि वाळू आहे, हजार फुटावर पण पाणी धरून ठेवणारी. आमच्याकडे काळा पाषाण. वरची मुरमाची चाळीस-पन्नास फूट सोडली की खाली पाणी फक्त भेगांत. २०१५-१६ ला तामिळनाडूतल्या तिरुचेनगोडच्या गाड्या रात्रभर आमच्या शिवारात घरघरत होत्या. आम्ही ४२० फुटाला पाणी लागलं नाही म्हणून नारळावर पाणी बघणाऱ्याचं ऐकून दुसऱ्या जागेवर ६५० घेतलं, दोन्हीतनं पांढरा फुफाटा उडाला, घरची सगळी माणसं पहाटे चारला तोंडावर पदर धरून उभी, आणि शेवटी ड्रायव्हर म्हणाला सार, पोडी, पोडी. पोडी म्हणजे भुकटी हे मला त्या रात्री कळलं. पैसे सावकाराचे होते. म्हणजे तिकडे बोअर मारणं ही गुंतवणूक आणि इकडे ती लॉटरी, तिकीट दोघांनीही काढलं एवढंच सारखं. कायद्याचं म्हणाल तर आमच्याकडे २००९ चा भूजल कायदा आहे, २०० फुटाखाली शेतीला बोअर घ्यायला बंदी आहे. आहे म्हणजे कागदावर.

आता टप्पा कुठला ते सांगतो. पैसा आपल्याकडेही येतो हो, येतच नाही असं नाही. अनुदान येतं, विमा येतो, चारा छावणी येते. पण कधी? आधी नजर पैसेवारी (म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं याचा सरकारी अंदाज), मग सुधारित, मग अंतिम पैसेवारी डिसेंबरात, ५० पैशांच्या आत आली तर पुढचं. दुष्काळ म्हणायचा का 'दुष्काळसदृश' म्हणायचं यावर दोन महिने. विमा तुमच्या रानावर ठरत नाही, महसूल मंडळावर ठरतो, पीक कापणी प्रयोग शेजारच्या बागायती गावात चांगला आला की तुमची जळालेली तूर पण चांगलीच धरतात. २०१२ चं अनुदान आमच्या खात्यात आलं तोवर गाय गेलेली होती. तीन हजार काहीतरी होते. त्याची पत्र्याची पेटी घेतली, अजून आहे.

छावणीचं मात्र मी चांगलं म्हणेन, लोक काही म्हणोत. घोटाळे झाले, खोट्या जनावरांची बिलं निघाली, सगळं खरंय. पण २०१३ ला आमची म्हैस आणि दोन बैल चार महिने छावणीत होते, मोठ्या जनावराला दिवसाला १५ किलो चारा, वाढं (उसाचे शेंडे) जास्त आणि मका कमी, आई तिथेच पालात राहायची आणि मी घरून डबा न्यायचो. त्या वर्षी आम्ही बैल विकले नाहीत. २०१६ ला आमच्याकडची छावणी उशिरा सुरू झाली, तोवर निम्म्या दावणी मोकळ्या. त्यात २०१५ पासून बैल कत्तलीला बंदी आल्यानं म्हाताऱ्या बैलाला पण गिऱ्हाईक उरलं नव्हतं, भाव अजून पडले (यावर वाद नको, बाजारात जे बघितलं ते सांगतोय).

---

चार_मिनिटं_शॉवर

मेलबर्नहून. कोरडवाहू, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

आमच्याकडचा मोठा दुष्काळ १९९७ ते २००९ असा धरतात, मी २००६ ला आले तेव्हा तो ऐन भरात होता. शॉवरमध्ये चिकटवायला चार मिनिटांचं वाळूचं घड्याळ फुकट वाटायचे, पायाशी बादली ठेवायची, बागेला ठरलेल्या वारीच पाणी, माणशी दिवसाला १५५ लिटरच्या आत राहा असं टार्गेट, रोज संध्याकाळी धरणाचा टक्का हवामानाबरोबर सांगायचे. २००९ च्या जूनमध्ये सव्वीस टक्क्यांच्या आसपास होता. मी सासूबाईंना फोनवर सांगितलं की आमच्याकडे पण दुष्काळ आहे हो, १५५ लिटरच वापरायचं, त्या म्हणाल्या दिवसाला? आणि हसत सुटल्या. त्या जालन्याच्या.

सरकारनं घाबरून समुद्राचं पाणी गोड करायचा प्रचंड प्रकल्प वाँथॅगीला बांधला, वर्षाला १५० अब्ज लिटरचा. तो २०१२ च्या डिसेंबरात पूर्ण झाला आणि पाऊस २०१० लाच येऊन गेलेला! पहिलं पाणी प्रत्यक्षात मागवलं ते २०१६-१७ साठी. मधली सगळी वर्षं एक थेंब न घेता त्याचा हप्ता आम्ही पाणीपट्टीतून भरला, वर्षाला कोट्यवधी डॉलर. मला आधी हा निव्वळ मूर्खपणा वाटायचा. आता वाटतं श्रीमंतीचा अर्थ हाच असावा, एवढी महाग चूक करून पण कुणाचं काही विकलं जात नाही.

शेतकऱ्यांना वाईट दिवस होतेच. भाताचं पीक दहा लाख टनांवरून २००८ ला वीस हजाराच्याही खाली आलं, आत्महत्याही झाल्या, उगाच स्वर्ग रंगवत नाही. पण मरे-डार्लिंग खोऱ्यात पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा विकता येतो. ज्या भातवाल्याकडे थोडंसं पाणी वाट्याला आलं त्यानं भात लावलाच नाही, ते पाणी द्राक्षवाल्याला आणि फळबागवाल्याला चढ्या भावानं विकलं आणि वर्ष काढलं. वर सरकार कर्जाच्या व्याजात मदत द्यायचं. त्यावरही नंतर सरकारच्याच आयोगानं २००९ ला टीका केली की ज्यानं तयारी केली नाही त्यालाच हे बक्षीस मिळतंय. हे मॉडेल आपल्याकडे आणा असं म्हणत नाहीये मी. पाणी विकायला काढलं तर आधी कुणाचं जाईल हे कोरडवाहू माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

---

कोरडवाहू

@चार_मिनिटं_शॉवर सांगतो की. ज्याच्या घरी लग्न निघालंय त्याचं.

---

सवाना

तीन वर्षं नैरोबीत होतो कामानिमित्त म्हणून एक भर. आपण गरीब म्हणून मराठवाडा धरला, पण त्याच्याही खाली पायऱ्या आहेत. सोमालियात २०११ ला दुष्काळाचं दुर्भिक्ष झालं, म्हणजे उपासमारीनं माणसं मरायला लागली, नंतरच्या अभ्यासात अडीच लाखाहून जास्त माणसं गेल्याचं निघालं, त्यात निम्मी पाच वर्षांखालची. पाऊस हुकणार हा इशारा २०१० च्या ऑगस्टपासून येत होता. जगाचा पैसा सुरू झाला तो जुलै २०११ ला दुर्भिक्ष जाहीर झाल्यावर, म्हणजे ११ महिन्यांनी, त्यात अल-शबाब या तिथल्या सशस्त्र संघटनेनं आपल्या भागात मदत येऊ दिली नाही. शेजारच्या केनियात आणि इथिओपियात दुष्काळ तोच, पण तसे मृत्यू झाले नाहीत, तिथे सरकार नावाची काहीतरी चीज होती आणि इथिओपियात २००५ पासून कामाच्या बदल्यात पैसे-धान्य देणारी योजना चालू होती.

उत्तर केनियात एक गोष्ट मला आवडली. २०१० ला मार्साबिट भागात जनावरांचा असा विमा काढला की उपग्रहाच्या फोटोत गवताचा हिरवेपणा अमुकच्या खाली गेला की पैसे द्यायचे. कुणाची गाय मेली याचा पंचनामा नाही. पुढे तर तो जनावर मरायच्या आधीच, चाऱ्याला पैसे हवेत तेव्हाच द्यायला लागले. अडचणी आहेत त्यातही, फोटोत हिरवं दिसतं ते बाभळीचं झुडूप निघतं जे गाय खात नाही. पण धागाकर्त्यानं विचारलेला टप्पा बहुतेक हाच.

---

हजेरीपट

मी सांगोल्याकडचा. १९७२ ला अकरा वर्षांचा होतो, पुढे सरकारी नोकरीत पाझर तलावांचीच मोजमापं घेत निवृत्त झालो.

त्या दुष्काळात विहिरींना थोडंफार पाणी होतं, घरात दाणा नव्हता. आताच्या दुष्काळात दुकानात दाणा आहे आणि विहिरीला पाणी नाही, हा फरक तरुणांनी ध्यानात ठेवावा. अमेरिकेहून मिलो नावाची लाल ज्वारी आली होती, कामावर सुकडी मिळे. आई-वडील दोघे खडी फोडायला, मी धाकट्या बहिणीला सांभाळत बांधावर. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला. गरीब राज्याने केलेली गोष्ट आहे ही, श्रीमंत देशांकडून उसनी घेतलेली नव्हे, आणि देशाचा कायदा २००५ ला आला तो ह्याच वाटेने.

पण धागाकर्त्याला खोटा दिलासा देणार नाही. हजेरीवर माणसं जगली, बैल आमचेही गेले. दोनातला एक. दुसरा वडलांनी कडबा उसना आणून, शेवटी शेवटी छपरावरचं पाचट उतरवून त्याला घालून जगवला. पाऊस झाल्यावर शेजाऱ्याचाही एकच उरलेला, मग सावडीनं पेरणी केली, एक दिवस त्याचं रान, एक दिवस आमचं. दोन्ही बैलांची उंची वेगळी, जू एका बाजूला कलायचं, आमचा तांबडा वर्षभर मानेला सुजलेला असायचा. दुसरा बैल घ्यायला सात वर्षं लागली. पाणलोटाच्या कामावर चाळीस वर्षं घालवली तरी 'पाऊस पडला, दुष्काळ संपला' हे वाक्य कुठल्या अहवालात वाचलं की मला ते कललेलं जू दिसतं.

---

पुणेरी_खवट

हजेरीपट काका, मी माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. उसाबद्दलचं मत तेच आहे. पण मागे घेतो.

---

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

काल रात्री वडलांना फोन लावून हे सगळं वाचून दाखवलं, स्पीकरवर, आई पण ऐकत होती. बदामवाल्यानं झाडं वाचवायला टोमॅटो सोडला ते ऐकून वडील म्हणाले, बरोबरच केलं त्यानं, आपण उलटं केलं, बैल विकून हरभऱ्याचं बी आणि मुलाची फी भरली. फी माझीच होती. हे मला नऊ-दहा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं त्यांनी, मला वाटत होतं बोअरसाठी विकली जोडी. मग आई म्हणाली आता पोरगं कमावतंय की, आणि विषय बदलला.

ऑफिसातल्या मित्राला लिंक पाठवलीय. त्यानं ईस्ट पोर्टरव्हिल शोधून बघितलं आणि अंगठा दाखवला, बाकी काही बोलला नाही. चालतंय.

आता एक अवांतर प्रश्न कोरडवाहूंना. वडलांच्या मनात परत जोडी घ्यायचं आहे, ट्रॅक्टरवाला पेरणीच्या दिवसांत तीन-तीन दिवस तंगवतो. मोठी जोडी परवडत नाही, गोऱ्हे घेऊन वाढवावेत का? आणि कधी?

---

कोरडवाहू

गोऱ्हेच घ्या, दोन दाती. पेरणीच्या तोंडावर बाजारात पाऊल टाकू नका, तुम्हीच गरजू दिसता. दिवाळी होऊन सुगी आटपली की बघा, आणि घ्यायच्या आधी कडब्याची बेगमी करा, दोन वर्षांची, एक नाही. वडलांना घेऊन जा, व्यापारी हात रुमालाखाली घालून बोटं दाबून भाव सांगेल तेव्हा तुम्हाला काही कळायचं नाही.